‘आधी बरा होऊ दे, मग खेळाचं बघू’

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या घरून हे वाक्य मी सतत ऐकते. साताऱ्याकडच्या एका आईंचंही हेच म्हणणं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा पंचविशीतला, पूर्वी कबड्डी खेळणारा. दुचाकीच्या अपघातात मणका मोडला आणि कमरेखालची हालचाल, संवेदना दोन्ही गेल्या. घरी आल्यापासून पलंग, मोबाईल आणि भिंतीकडे तोंड. व्यवसायोपचार (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) करणाऱ्या बाईंनी कॅरम सुचवला, तेव्हा आई चिडल्याच. “मॅडम, पोराच्या पायात जीव नाही आणि तुम्ही त्याला सोंगट्या मारायला बसवताय? तेवढ्या वेळात व्यायाम झाला असता की.”

त्यांचा राग मला समजतो. प्रत्येक खेपेला गाडीभाडं, फिजिओचे पैसे, त्या दिवसाचा रोजगार बुडालेला. पण त्याची इजा पूर्ण स्वरूपाची होती, म्हणजे इजेच्या खाली हालचाल, संवेदना काहीच उरलं नव्हतं. चालणं परत येण्याची शक्यता फार कमी, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग ‘बरा झाल्यावर’ म्हणजे नक्की कधी?

पुढच्या खेपेला खेळ चालू असताना मी आईंना शेजारीच बसवलं. लांबच्या कोपऱ्यातली सोंगटी मारायची तर धड पुढे न्यावं लागतं, एक हात टेकून तोल सांभाळावा लागतो. पलंगावरून व्हीलचेअरवर सरकायला हाच तोल लागतो. शिवाय पुढे झुकलं की बसण्याच्या हाडांवरचा दाब सुटतो. जिथे संवेदना नाही तिथे बेडसोर (सतत दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी असा दाब सोडवावाच लागतो, आणि नेमकं तेच तो विसरायचा. म्हणून बोर्ड संपला की दोन मिनिटं पुढे झुकून राहायचं, असा नियमच केला. स्टँडखाली व्हीलचेअर शिरत नव्हती, तेवढा सुताराकडून उंच करून घेतला.

खरा अडथळा मात्र वेगळाच निघाला. मित्र मंडळाच्या खोलीत खेळायला बोलवायचे आणि तो नाही म्हणायचा. आई म्हणायच्या, लाजतो. त्याच्याशी एकट्याशी बोलल्यावर कळलं: चारचौघांत कपडे ओले झाले तर? दर चार ते सहा तासांनी कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढायला त्याला दवाखान्यात शिकवलं होतं, पण घरी ते काम आईच करत होत्या. नर्सनं, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. आमच्या सांगण्यात त्याच्यासाठी काहीच नव्हतं. मंडळात संध्याकाळभर बसायचं होतं, तेव्हा त्यानं स्वतः नर्सला फोन लावला आणि पुन्हा सगळं शिकून घेतलं. माझ्या मते खेळातून होणाऱ्या या उपचाराची सगळी ताकद इथे आहे. माणसाला हवीशी एखादी गोष्ट समोर असली, की नकोशा गोष्टी शिकायला कारण मिळतं.

आईंना मी लुडविग गुटमन या डॉक्टरांबद्दलही सांगितलं. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या या डॉक्टरांनी 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि खेळ हा उपचाराचाच भाग मानला. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथे 16 जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचं मूळ त्यात आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. “सगळ्यांनी पदक आणायचं असं नाही,” मी म्हटलं, “पण त्यांनी कोणी आधी चालायची वाट पाहिली नाही.”

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर आधी त्याला काय आवडायचं ते विचारा. कॅरमच हवा असं नाही. भजन, पत्ते, कुंड्यांतली बाग, काहीही चालेल. नको म्हणाला तर जबरदस्ती करू नका, काही दिवसांनी पुन्हा विचारा. दया म्हणून मुद्दाम हरू तर अजिबात नका, ते लगेच कळतं आणि फार लागतं. बसून झाल्यावर रोज कंबर आणि मांडीखालची कातडी तपासा. लाली जात नसेल तर त्या जागेवर दाब पडू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. झोप, भूक गेली असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर नुसत्या खेळावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. फिजिओचा व्यायाम चालूच ठेवायचा.

हा मुलगा आता आठवड्यातून काही संध्याकाळी मंडळात जातो. अजूनही काही दिवस तो कुणाशी बोलत नाही, ते दिवस आई आता ओळखतात. मंडळाच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत, मित्र खुर्ची उचलून आत नेतात आणि ते त्याला आवडत नाही. उतार बांधून मिळावा म्हणून त्यानं ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, त्याचा पाठपुरावा आईच करतायत.