आईला अधूनमधून कपड्यातच शौचाला होतं, ती ते लपवते आणि माझी चिडचिड होते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की खराब झालेला परकर वॉशिंग मशीनमागे कोंबलेला सापडला. आमच्याकडे तो बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीमागे होता. ठाण्याच्या नौपाड्यातलं जुनं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन दिवस वास येत होता आणि मी उंदीर मेला असेल म्हणून कपाटं सरकवत होतो. सापडल्यावर मी आईवर ओरडलो. ७६ वर्षांची, जन्मभर सोवळंओवळं पाळलेली बाई, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मांजराने केलं असेल." आमच्याकडे मांजर नाही.

हे लपवणंच पुढे आम्हाला महागात पडलं. पहिल्यांदा झालं तेव्हापासून तिने बाहेर जायच्या आधी पाणी प्यायचं सोडलं होतं. मग दुपारचा चहा सोडला. मग ताटातली भाजी कमी झाली. दोन-दोन, तीन-तीन दिवस पोट साफ होईना आणि मग अचानक पातळ, तेही कपड्यात. आम्हाला वाटलं जुलाब, म्हणून केमिस्टकडून ते थांबवायची गोळी आणून दिली. त्याने आणखी बिघडलं. शेवटी डॉक्टरांनी पोट दाबून, हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाले, हे जुलाब नव्हेत, बद्धकोष्ठ आहे. कडक झालेला मळ खाली अडकून बसतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेकडेने झिरपतो. माणसाला ते कळतही नाही. तुंबलेल्या मोरीतून पाणी कडेने वाहतं ना, तसं. एनिमा झाला, मळ मऊ राहावा म्हणून औषध सुरू झालं, पाणी वाढवलं. महिन्याभरात प्रसंग खूपच कमी झाले.

तुमच्या आईंचं कारण हेच असेल असं नाही. म्हणून आधी लिहून ठेवायला लागा. आम्ही कालनिर्णयच्या चौकटीत 'घ' आणि 'प' लिहायचो, घट्ट आणि पातळ, शेजारी वेळ. तो कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने काहींना पातळ होतं, मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधानेही होतं. लोहाच्या गोळीने शौचाला कडक होतं. काहींना म्हातारपणी दूध पचेनासं होतं. गोळी मनाने बंद मात्र करू नका, बदलून मिळते का ते विचारा. शौचातून रक्त, वजन उतरणं, किंवा सवय अचानक बदलणं, यात चालढकल नको. आणि पायातली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घरात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू? परकराच्या नाडीचा. म्हणजे ती काढून टाकण्याचा. आईला कळ यायची वेळेवर, पण थरथरत्या बोटांनी गाठ सुटेपर्यंत उशीर व्हायचा. आता सगळीकडे इलास्टिक, आणि घरात गाऊन. संडासाची आतली कडीही काढली. खाल्ल्यानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून सकाळी चहा-पोळी झाली की वीस-पंचवीस मिनिटांनी, कळ असो नसो, दहा मिनिटं कमोडवर बसायचं. पायाखाली जुना पाट, गुडघे थोडे वर येतात.

साफसफाईचं. मी मुलगा, त्यामुळे दोघंही अवघडलो होतो. लोकांचा पहिला प्रश्न असतो, "बायको नाही का करत?" ती तिच्या वडिलांचं करते, मी माझ्या आईचं, यात विचारण्यासारखं काय आहे मला कळत नाही. कामवाली बाई करेल असंही गृहीत धरू नका. आई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसते, मांडीवर टॉवेल, पुढचं तिचं ती धुते, मागचं मी. बोलायचं ते भाजीच्या भावाबद्दल. मी तोंड पाडलं की ती माफी मागायला लागते आणि ते मला घाणीपेक्षा जड जातं. कोमट पाणी, साबणाने खसाखसा घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम. कपडे आधी गार पाण्यात. गरम पाण्याने डाग बसतो. मला सुरुवातीला ओकारी यायची. मास्कला आतून किंचित बाम लावला की निभतं.

डायपर आम्ही घरी दिवसा वापरत नाही. आहेच म्हटल्यावर ती उठायचा कंटाळा करते. रात्री चादरीखाली मेणकापड पुरतं. बाहेर जाताना मात्र चड्डीसारखा डायपर. तिने त्याला 'नाटकाची चड्डी' असं नाव ठेवलंय, कारण तो पहिल्यांदा घातला तो गडकरी रंगायतनला जाताना. कडेची खुर्ची घ्यायची, पिशवीत गाऊन, ओले वाइप्स, वर्तमानपत्र, काळी पिशवी. वापरलेला डायपर गुंडाळून कचऱ्यात वेगळा द्या, संडासात टाकू नका. आमच्या बिल्डिंगचा पाइप एकदा तुंबला आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय तासभर चालला.

प्रसंग पूर्ण थांबलेले नाहीत. मागच्या महिन्यात तलावपाळीवरून परत येताना जिन्यातच झालं, दुसऱ्या मजल्यावर. मी घाईने हात धरून वर न्यायला लागलो तर म्हणाली, "आता कशाला पळवतोस, झालं ते झालं. दम खाऊ दे." कठड्याला टेकून उभी राहिली आणि शेजाऱ्यांचं दार बंद आहे ना, एवढं मला बघायला लावलं.