वहीतले ९० आणि बाटलीवरचे १२६

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. ऑक्झॅलिक ॲसिडचं रेणुवस्तुमान मी वहीत काढलं, ते ९० आलं. प्रॅक्टिकलच्या बाटलीवर मात्र १२६.०७ छापलंय. बाकीच्या मुलींनी बाटलीवरचा आकडा धरून वजन केलं, मी माझा धरला. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला त्यांचं रीडिंग १० मिली आलं आणि माझं ७.१. माझी बेरीज कुठं चुकली?
– एक विद्यार्थिनी, गारगोटी

उत्तर : बाळ, तुझी बेरीज बरोबर आहे. कार्बनचे दोन अणू म्हणजे २४, ऑक्सिजनचे चार म्हणजे ६४ आणि हायड्रोजनचे दोन म्हणजे २. झाले ९०. पण बाटलीत आहे ते नुसतं ऑक्झॅलिक ॲसिड नव्हे. त्या पांढऱ्या स्फटिकांत ॲसिडच्या प्रत्येक रेणूमागं पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. हेच स्फटिकजल. दोन पाण्याचे ३६ मिळव, १२६ होतील. स्फटिक दिसायला कोरडे ठणठणीत असतात, पण तराजूत ते पाणी वजनाला लागतंच.

उत्तर तुझ्या रीडिंगमध्येच आहे. ९० ला १२६ नं भागून बघ : ०.७१. इतरांना १० मिली लागले, तिथं तुला ७.१ लागले. २५० मिली ०.१ मोलर द्रावणासाठी ३.१५ ग्रॅम हवे होते, तू २.२५ ग्रॅमच घेतले असणार. ॲसिड कमी, म्हणून परमँगनेटही तेवढंच कमी लागलं. म्हणजे हात नेमका चालला, ब्युरेट नीट वाचलीस, एंड पॉइंटही, म्हणजे गुलाबी रंग टिकला तो थेंबही, बरोबर पकडलास. असं स्वच्छ रीडिंग बघून मला फार आनंद झाला. ते खोडू नकोस. शेजारी कारण लिहून ठेव.

कॉलेजात शिकवायचे तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. वजन करायचं असेल तर सूत्र पुस्तकातलं नव्हे, हातातल्या बाटलीवरचं घ्यायचं. मोरचूद घे. कृषी सेवा केंद्रात बोर्डो मिश्रणासाठी मिळतं तेच निळं मोरचूद. कॉपर सल्फेट १५९.६ आणि पाच पाण्याचे ९०.१, मिळून २४९.७. सरांसमोर प्रयोगशाळेत ५ ग्रॅम मोरचूद तापवून बघ : निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते आणि तिचं वजन ३.२ ग्रॅमच्या आसपास भरतं. गेलेलं १.८ ग्रॅम सगळं पाणी. त्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी. तुरटीची गोष्ट तर आणखी पुढची. तिच्या ४७४ मध्ये बारा पाण्याचे २१६ असतात, म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी!

कंसाकडंही लक्ष दे. आपल्याकडं गुऱ्हाळावर रस निवळायला गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो, तो चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सूत्र Ca(OH)₂. कंसाबाहेरचा २ ऑक्सिजनलाही लागतो आणि हायड्रोजनलाही. ४० अधिक ३२ अधिक २, एकूण ७४. ऑक्सिजन एकदाच धरणारी मुलं ५८ वर थांबतात.

सल्फ्युरिक ॲसिडचा ९८ बहुतेकांचा पाठ असतो. पण बाटलीवर पुन्हा ‘९८ टक्के’ असं लिहिलेलं असतं आणि मुलं दोन्ही आकडे एकच समजतात. एक आकडा रेणूच्या वजनाचा, दुसरा शुद्धतेचा. दोन्ही ९८ असणं हा निव्वळ योगायोग. फॉस्फोरिक ॲसिडही ९८ च. फॉस्फरस सल्फरपेक्षा एकानं हलका, पण त्या ॲसिडात हायड्रोजन एक जास्त, म्हणून बेरीज जुळते. नुसत्या आकड्यावरून ॲसिड ओळखू नये, ते यासाठी.

तुम्हाला ऑक्झॅलिकच का देतात, तेही सांगते. सोडियम हायड्रॉक्साइडचे ४० काढायला किती सोपे! पण कोल्हापुरात आषाढाचा पाऊस लागला की त्याच्या गोळ्या वॉच ग्लासवर बघता बघता ओल्या होतात. हवेतलं किती पाणी त्यांनी ओढलं, ते कुठल्याच सूत्रात नसतं. म्हणून त्याचं द्रावण अंदाजानं करून ऑक्झॅलिकसमोर तपासून घेतात. ऑक्झॅलिकमधलं पाणी नेमकं दोन रेणू, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. बाटलीचं झाकण मात्र घट्ट लाव. आणि ते विषारी आहे, हाताला लागलं तर धुऊन टाक.

प्रश्न : आमचं चांदीचं काम आहे. नायट्रिकमध्ये विरघळलेली चांदी आम्ही तांब्याच्या पट्ट्या टाकून परत काढतो. किलोला तांबं किती लागावं, याचा काही हिशेब असतो का?
– एक कारागीर, हुपरी

उत्तर : असतो, आणि सरळ आहे. तांब्याचा एक अणू चांदीचे दोन अणू बाहेर काढतो. चांदी १०७.८७, तिची दुप्पट २१५.७४. तांबं ६३.५५. म्हणजे एक किलो चांदीला साधारण २९५ ग्रॅम तांबं. तुम्हाला यापेक्षा जास्त लागत असेल, तर द्रावणात उरलेलं नायट्रिक तांबं खात असणार. चांदी विरघळताना निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. ते काम बंद खोलीत अजिबात करू नका, पोरांना जवळ थांबू देऊ नका.

चांदी संपली का, हे बघायला त्या निळ्या पाण्यातलं थोडं काचेच्या ग्लासात काढून चिमूटभर मीठ टाका. पांढरा साका धरला तर चांदी अजून बाकी आहे. तो साका सिल्व्हर क्लोराइडचा, त्याचे १४३.३. वाळवून तोलला तर वजनाच्या पाऊण हिस्सा चांदी धरा.