गुलाबी बोंडअळीला बीटीची ‘सवय’ झाली आहे का?

प्रश्न : बीटी कपाशी लावूनही बोंडांत गुलाबी अळी निघते. बियाणे बोगस आहे, की अळीला बीटीची सवय झाली आहे?

उत्तर : बियाणे अस्सल असले तरी आज ही अळी बोंडांत सापडते. ‘सवय’ हा शब्द मात्र आपण सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण त्यामुळे उपाय चुकतो. कोणतीही अळी आपल्या आयुष्यात बीटीचे विष (म्हणजे कपाशीत घातलेल्या जिवाणूच्या जनुकामुळे झाडातच तयार होणारे अळीमारक प्रथिन) पचवायला शिकत नाही; जी पचवू शकते ती जन्मतःच तशी असते.

बीटीचे विष अळीच्या आतड्यातील ठरावीक प्रथिनांना चिकटते, मग आतड्याला छिद्रे पडून अळी मरते. ही प्रथिने घडवणाऱ्या जनुकांत क्वचित आपोआप बदल होतो आणि त्या अळीला विष चिकटत नाही. अशा अळ्या पूर्वी अगदी विरळ होत्या. सगळे शिवार बीटीचे झाल्यावर बाकीच्या मेल्या, याच उरल्या, त्यांचीच पिलावळ वाढली आणि पिढ्यांमागून पिढ्या त्यांचे प्रमाण चढत गेले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. आपल्याकडे 2002 मध्ये एका जनुकाची आणि 2006 मध्ये दोन जनुकांची बीटी कपाशी आली. आधी गुजरातेत पहिल्या आणि मग दुसऱ्या विषालाही दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भाने तिचा तडाखा सोसला.

अमेरिकन बोंडअळी मात्र बीटीने अजूनही बऱ्यापैकी आटोक्यात आहे. ती तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगत असल्यामुळे तिच्यातील विषाला बळी पडणारे कुळ बीटीबाहेर टिकून राहते. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यासाठी बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायला सांगितले होते. त्या ओळींतील साध्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर झाला, तर पुढची अळी एक बदललेले आणि एक मूळ जनुक घेऊन येते आणि बहुधा बीटीवर मरते. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबतची बिगर-बीटी बियाण्याची ती छोटी पिशवी बांधावर पडलेली मी अनेकदा पाहिली आहे. तिचे कारण शेतकऱ्याला कोणी नीट सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

आता प्रतिकारक अळ्याच जास्त झाल्याने केवळ त्या ओळींनी भागणार नाही. त्यांची पिढी तोडणे महत्त्वाचे आहे, म्हणून डिसेंबरअखेर कपाशी संपवावी, फरदड (त्याच झाडांवर पुढे लांबवलेले पीक) घेऊ नये आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत, कारण किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) लावावेत. सलग 3 रात्री सापळ्यागणिक 8 पतंग सापडले, किंवा फुले व हिरवी बोंडे मिळून 10 टक्के प्रादुर्भाव दिसला, तरच फवारणी करावी. डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमलता मिटून राहिलेली फुले) दिसताच तोडून अळीसह नष्ट कराव्यात. कीटकनाशकाचा गट प्रत्येक वेळी बदलावा, कारण एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारल्यास बीटीच्या बाबतीत झाली तीच निवड त्या औषधाच्या बाबतीतही होते, आणि तीही आपल्याच हाताने.