वडगावातल्या किराणा दुकानाला क्यूआर लावावा का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे: बेळगावच्या वडगावात वडिलांचं किराणा दुकान, गिऱ्हाईक "फोनपे चालतंय काय?" विचारतं आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातं. वडील म्हणतात, क्यूआर लावला की जीएसटीची नोटीस आलीच. शेजारच्या दोघांनी लावलेले क्यूआर काढून टाकलेत. आणि कार्डाचं मशीन घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. मी शहापूर-वडगाव भागातल्या लहान दुकानदारांचे हिशेब आणि करभरणीची कामं बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्यूआर लावा, रोखही घेत राहा. पण त्याआधी दुकानाच्या नावाने वेगळं चालू खातं उघडा. माझ्या मते सगळी गोम या खात्यातच आहे.

वडिलांची भीती खोटी नाही. 2025 च्या जुलैत कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने 2021-22 पासूनच्या चार वर्षांची यूपीआय जमा बघून हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला तर 29 लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, तरी आली. बेंगळूरला दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे फलक लागले, बंदची हाक दिली गेली. शेवटी 23 जुलैला मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून जुनी वसुली करणार नाही, पण नोंदणीच्या कक्षेत येणाऱ्यांनी नोंदणी करावी, असं सांगितलं. तुमच्या शेजाऱ्यांनी यातला पहिला अर्धा भाग ऐकला आणि क्यूआर फाडला.

कर विक्रीवर लागतो, पैसे कशाने आले यावर नाही. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. म्हणजे दिवसाला साधारण 11 हजारांचा गल्ला. त्यात रोखही धरायची, आणि साबण-बिस्किटासारखा करपात्र माल दुकानात असेल तर दूध, सुटा तांदूळ, सुटी डाळ हा करमाफ मालही धरायचा. तुमच्या दुकानाचा गल्ला याच्या आत असेल तर क्यूआरमुळे काहीही बदलत नाही. वर असेल तर क्यूआर काढूनही नोंदणी चुकत नाही. तेव्हा कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत जा. दीड कोटींच्या उलाढालीपर्यंत ती सोय आहे, व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर 1 टक्का भरावा लागतो, तो गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही.

आता त्या नोटिसांमध्ये आकडे इतके फुगले कसे, ते बघा. बहुतेकांनी क्यूआर घरच्याच बचत खात्याला जोडलेला. त्याच खात्यात भिशीचे पैसे, मेहुण्याने परत केलेली हातउसनी रक्कम, पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने पाठवलेला घरखर्च. शिवाय आपल्याकडे सर्रास चालतं ते म्हणजे, "मामा, दोन हजार फोनपे मारतो, रोख द्या की." एटीएम लांब, गल्ल्यात नोटा पडून, म्हणून दुकानदार देतो. विक्री एक रुपयाची नाही, पण खात्यावर दोन हजार जमा. वर्षभरात असे किती होतात ते एकदा पासबुक घेऊन मोजा. कर खात्याला फक्त जमेचा आकडा दिसतो, त्यामागची ओळखपाळख दिसत नाही.

अनोळखी माणसाला तर अशी रोख मुळीच देऊ नका. ऑनलाइन फसवणुकीतले पैसे नोटा करून घ्यायचा तो सोपा मार्ग आहे. पुढे कुठल्यातरी परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र बँकेत येतं आणि तुमच्या खात्यावर होल्ड बसतो. तो काढायला किती खेटे घालावे लागतात ते मी जवळून बघितलंय. ओळखीच्या माणसाला दिलीच, तर नाव, तारीख, रक्कम लगेच वहीत टिपा. आणि तुमचीच फसवणूक झाली तर वेळ न घालवता 1930 ला फोन करा.

आपल्या सीमाभागाची एक बाब सहसा कुणी सांगत नाही. चंदगड, शिनोळीकडची गिऱ्हाइकं दुकानात येऊन माल घेऊन जातात, त्याची काळजी नाही. पण तुम्ही टेम्पो भरून महाराष्ट्रातल्या दुकानदाराला माल पोच करू लागलात, तर ती आंतरराज्य विक्री होते. तिथे 40 लाखांची सवलत लागू नाही, नोंदणी आधीच लागते, आणि कंपोझिशनवाल्याला अशी विक्री करताच येत नाही. यूपीआयला सीमा नाही, जीएसटीला आहे. शिनोळी नाक्यापलीकडे धंदा वाढवायचा विचार असेल तर आधी सल्लागाराशी बसून बोला.

कार्ड मशीन किराण्याला नको. बँक खात्यातून झालेल्या यूपीआयवर आणि रूपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर मात्र दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात आणि मशीनचं भाडं वेगळं. तेल-साखरेवर सुटतं किती, ते तुम्हाला सांगायला नको. खडेबाजारातल्या साडीवाल्याचं किंवा सराफाचं गणित निराळं, त्यांना मशीन परवडतं.

क्यूआर लावलात तर बोलणारा स्पीकर घ्या. महिन्याला शंभराच्या आसपास भाडं पडतं, पण गर्दीत मोबाइलवरचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणाऱ्यांपासून वाचाल. मराठी, कन्नड दोन्ही भाषा मिळतात, गल्ल्यावर बसणाऱ्याला जी पटकन कळते ती लावा. रोज दुकान उघडताना स्टिकरवर कुणी दुसरा चिकटवलेला नाही ना, तेही बघा.

वडिलांना आणखी एक आकडा दाखवा. प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत, म्हणजे विक्रीवरूनच नफ्याचा अंदाज धरतात त्या योजनेत, रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, बँकेमार्गे आलेल्या विक्रीवर 6 टक्के. 40 लाखांच्या विक्रीवर हा फरक 80 हजारांच्या उत्पन्नाचा होतो. शिवाय उद्या गाळ्यासाठी कर्ज मागायला गेलात तर चालू खात्याचा उतारा हाच तुमचा पुरावा.

रोख बंद करू नका असं मी कळवळून सांगतो. येळ्ळूर, धामण्याहून येणाऱ्या आजीच्या हातात साधा फोन असतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात लाइट गेली की रेंजही जाते, तिकडचा माणूस नोटा घेऊनच बाजाराला निघतो. संध्याकाळी रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला येतो त्यालाही रोख द्यावी लागते, आणि दिवसाची ती बचत मोडू नका. "फोनपे नसेल तर जा" असं म्हाताऱ्या माणसाला ऐकवणारी दुकानं मी पाहिलीत, मला त्याचा राग येतो. सुट्ट्या नाण्यांचा डबा गल्ल्यात तसाच राहू द्या.

पुढच्या आठवड्यात एवढं करा: पॅन, आधार, महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि जागेचं वीजबिल घेऊन बँकेत जा, चालू खातं उघडा, क्यूआर त्यालाच जोडा. जुन्या खात्याचा मार्चपासूनचा उतारा काढून घरचे पैसे कुठले, दुकानाचे कुठले, त्यावर पेन्सिलने खुणा करा. वर्षाच्या उलाढालीचा अंदाज इथे लिहिलात तर कंपोझिशन घ्यायचं की नाही ते मी बघून सांगतो.