मनःस्थितीप्रमाणे हलणारे मांजराचे कान खरोखर मन ओळखतात का?

आपला प्रश्न असा आहे की, कपाळावरच्या सेन्सरने मेंदूलहरी वाचून हलणारे जपानी मांजराचे कान परिधान करणाऱ्याची मनःस्थिती खरोखर ओळखतात की ती केवळ जाहिरात आहे, आणि कॉमिक कॉनसाठी वेशभूषा करणाऱ्या आपल्या मुलीला ते घेऊन द्यावेत का. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात वैद्यकीय उपकरणांचा विषय शिकवतो आणि अशी खेळणी उघडून पाहण्याची संधी विद्यार्थ्यांमुळे मला वारंवार मिळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असे की, हे कान कपाळावरचे विद्युतसंकेत खरोखर मोजतात, पण त्यावरून फार तर आपण किती सावध किंवा किती सैलावलेले आहोत एवढाच अंदाज बांधतात. आपण आनंदात आहोत की रागात, हे त्यांना कळत नाही.

आपण ज्यांच्याविषयी विचारता आहात ते कान ‘नेकोमिमी’ या नावाने ओळखले जातात. ‘न्यूरोवेअर’ या जपानी चमूने २०११ मध्ये ते प्रथम लोकांसमोर आणले, त्याच वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचा समावेश केला आणि २०१२ मध्ये त्यांची विक्री सुरू झाली. आतील सेन्सर मात्र ‘न्यूरोस्काय’ या कॅलिफोर्नियातील कंपनीचा आहे. मन एकाग्र करून पंख्याच्या झोतावर चेंडू तरंगवण्याचे ‘माइंडफ्लेक्स’ नावाचे खेळणे मॅटेल कंपनीने २००९ मध्ये आणले होते. त्यातही न्यूरोस्कायचेच तंत्र होते. नेकोमिमीची रचना साधी आहे: कपाळाला टेकणारा एक कोरडा इलेक्ट्रोड (विद्युतसंकेत टिपणारा धातूचा तुकडा), तुलनेसाठी कानाच्या पाळीला लावायचा एक चिमटा, संकेतांचे विश्लेषण करणारी एक चिप आणि कान फिरवणाऱ्या छोट्या मोटर. चिप ‘एकाग्रता’ आणि ‘शांतता’ असे दोन आकडे शंभरपैकी काढते. एकाग्रता वाढली की कान ताठ उभे राहतात, शांतता वाढली की खाली झुकतात आणि दोन्ही आकडे एकदम वर गेले की ते फडफडतात. (खऱ्या मांजराने कान मागे चपटे केले तर ते घाबरलेले किंवा चिडलेले असते, हे मांजर पाळणाऱ्यांना सांगायला नको, येथे झुकलेले कान म्हणजे निवांतपणा हा संकेत माणसांनी माणसांसाठी ठरवलेला आहे.)

आता हे दोन आकडे कितपत विश्वासार्ह आहेत, हाच खरा मुद्दा आहे. माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची पहिली नोंद जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या ‘अल्फा’ लहरी ठळक होतात आणि डोळे उघडताच त्या दबतात, हे त्यांचेच निरीक्षण. ते आजही कोणत्याही प्रयोगशाळेत सहज दाखवता येते. शांततेचा आकडा मुख्यतः या अल्फा लहरींवर आणि एकाग्रतेचा आकडा त्यांहून जलद असलेल्या ‘बीटा’ लहरींवर आधारलेला आहे, असे कंपनी सांगते. नेमके सूत्र तिने खुले केलेले नाही. एवढे तत्त्व खरे आहे. अडचण जागेची आहे. अल्फा लहरी सर्वांत स्पष्ट दिसतात त्या डोक्याच्या मागच्या बाजूला, तर कानांचा इलेक्ट्रोड असतो भुवईच्या वर, जिथे पापण्या आणि कपाळाचे स्नायू सतत काम करत असतात. डोक्याच्या त्वचेवर मेंदूचा संकेत काही दशक मायक्रोव्होल्टचा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) असतो, तर एक साधी पापणीची उघडझाप शंभर मायक्रोव्होल्टच्या पुढे सहज जाते, आणि आवळलेल्या स्नायूंचे संकेत नेमके बीटा लहरींच्याच पट्ट्यात मिसळतात. रुग्णालयातील ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूलहरींचा आलेख काढण्याच्या तपासणीत, डोक्यावर वीसएक इलेक्ट्रोड जेल लावून बसवतात आणि शिवाय एक जाणकार माणूस आलेख डोळ्यांखालून घालतो, ते याचसाठी. एका कोरड्या इलेक्ट्रोडच्या वाचनात मेंदूचा वाटा किती आणि आक्रसलेल्या भुवईचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. मी विद्यार्थ्यांना दात घट्ट आवळायला सांगतो आणि मग पडद्यावरचा आलेख पाहायला सांगतो. त्यानंतर मला फारसे बोलावे लागत नाही. कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञ एड्रियन अप्टन यांनी तर १९७०च्या दशकात जेलीच्या गोळ्याला ईईजीचे इलेक्ट्रोड लावून, आजूबाजूच्या यंत्रांच्या आणि माणसांच्या हालचालींमुळे तिच्यातूनही लहरी कशा मिळतात, हे दाखवून दिले होते.

समजा, संकेत अगदी स्वच्छ मिळाला, तरी दुसरी आणि अधिक मूलभूत अडचण उरतेच. भावनांचे वर्णन करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेली दोन अक्षांची रीत आजही बरीच वापरली जाते: एक अक्ष सुखद ते दुःखद आणि दुसरा अक्ष मंद ते उत्तेजित. हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, बोटांचे तापमान यांसारख्या शरीरावरच्या खुणा दुसऱ्या अक्षाविषयी बरेच काही सांगतात, पहिल्याविषयी फारच थोडे, आणि कपाळावरचा एकटा इलेक्ट्रोडही याला अपवाद नाही. म्हणून आपली मुलगी आवडत्या कलाकाराला समोर पाहून हरखली काय किंवा भिंतीवरची पाल पाहून दचकली काय, तिचे कान सारखेच उभे राहतील. जाहिरातीतील ‘मनःस्थिती’ हा शब्द या ठिकाणी उपकरणाच्या कुवतीपेक्षा बराच मोठा पडतो.

या कुळातील सर्वांत जुनी लोकप्रिय वस्तू म्हणजे रंग बदलणारी अंगठी. ती १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाजारात आली आणि पुढे आपल्याकडच्या जत्रांतही पोहोचली. तिच्या खड्याखाली द्रवस्फटिकांचा थर असतो. तापमान बदलले की त्यांच्या सर्पिल रचनेतील अंतर बदलते आणि त्याबरोबर परावर्तित होणारा रंगही बदलतो. ताणामुळे बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून बोटे गार होतात, एवढ्या दुव्यावर सगळा डोलारा उभा आहे. थंड हवेच्या देशात घरात बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा दुवा थोडाफार टिकतो, परंतु नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना ती अंगठी फक्त उन्हाळा दाखवते. अंगठीबरोबरच्या पत्रकाप्रमाणे मात्र निळा रंग म्हणजे प्रसन्नता, त्यामुळे भर उन्हात घामाघूम झालेला प्रत्येक नागपूरकर प्रसन्नच ठरतो.

तळहातावरच्या घामातून त्वचेची विद्युतवाहकता मोजणारे हातमोजे, शेपट्या किंवा दिवे लावलेल्या कॉलर यांची कथा थोडी बरी आहे. तळहातावरील घर्मग्रंथी अनुकंपी चेतासंस्थेच्या (शरीराला आपोआप उत्तेजित करणाऱ्या मज्जातंतूंच्या) ताब्यात असतात, त्यामुळे दचकल्यावर एक ते तीन सेकंदांत वाहकतेत स्पष्ट उसळी येते, आणि ती दिसायला मेंदूलहरींसारखी महागडी चिपही लागत नाही. मात्र मुंबईच्या दमट हवेत, गर्दीच्या सभागृहात मूळ पातळीच इतकी वर असते की उसळी त्यात बुडून जाते. म्हणून स्थिर आकड्याऐवजी गेल्या काही सेकंदांतील बदल पाहणारे उपकरणच तेथे उपयोगी पडते.

आता घ्यावेत का, याविषयी. मौज म्हणून अवश्य घ्यावेत. हे कान मेंदूत कोणताही प्रवाह सोडत नाहीत, ते फक्त ऐकतात, त्यामुळे त्या बाबतीत काळजीचे कारण नाही. शिवाय वेशभूषेत अचूकतेला फारसे महत्त्व नसते. कान हलले की समोरचा हसतो, तो हसला की घालणारी हसते आणि त्या हसण्याने कान पुन्हा हलतात, एवढ्यात त्यांचे काम भागते. आक्षेप आहे तो हेच आकडे गांभीर्याने घेण्याला. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्यावर असेच पट्टे चढवून त्यांची एकाग्रता शिक्षकांना आणि पालकांना कळवली जात होती, आणि लोकांनी संताप व्यक्त केल्यावर तो प्रकार थांबवावा लागला. तेव्हा घरी अभ्यासाच्या वेळी ‘कान खाली आले, म्हणजे लक्ष नाही’ असे मुलीला कृपया म्हणू नका.

खरेदीपूर्वी एक गोष्ट जरूर पाहा. कपाळाला टेकणारा धातूचा भाग आणि पाळीचा चिमटा नसेल, तर ते कान काहीच वाचत नाहीत. ऑनलाइन मिळणारे बरेचसे हलते कान निव्वळ ठरावीक क्रमाने मोटर फिरवतात किंवा आवाजाला प्रतिसाद देतात, आणि ते त्या भावात वाईटही नसतात. इलेक्ट्रोडचे कान घेतलेत तर कपाळावरचे खोबरेल तेल आणि मेकअप तेवढ्या जागेपुरते पुसून काढावे, पाळीतील कुडी काढून मग चिमटा लावावा आणि विगच्या केसांची एकही बट इलेक्ट्रोडखाली येऊ देऊ नये. मधोमध लावलेल्या टिकलीचा त्रास होत नाही. बाराचौदा वर्षांच्या पुढची मुलगी असेल आणि तिला सोल्डरिंगची आवड असेल, तर मी तयार कानांपेक्षा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक छोटी सर्व्हो मोटर (हव्या त्या कोनात फिरणारी) आणि दोन बोटांना गुंडाळायच्या तांब्याच्या पट्ट्या घेऊन घरीच, वर सांगितलेल्या त्वचेच्या वाहकतेवर हलणारी शेपटी बनवायला सुचवीन. दीड-दोन हजार रुपयांत ती तयार होते, बॅटरीवरच चालवायची असल्याने सुरक्षित असते, आणि पट्ट्या हातमोज्यांत लपवल्या की शेपटी कशाने हलते हे बघणाऱ्यांना कळत नाही.