माफीच्या भरवशावर बर्लिनचे तिकीट काढू नका

वरुड तालुक्यातील एका ३१ वर्षांच्या शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. पाच एकर शेती, त्यात तीन एकर संत्रा आणि दोन एकर कापूस-तूर. धाकटी बहीण ऑक्टोबरपासून बर्लिनमधील सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. संत्र्याच्या मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलणाऱ्या पिकाच्या) सौद्याचे ३ लाख रुपये हाती आले आहेत. त्यातून मे महिन्यात आईला घेऊन पंधरा दिवस बहिणीकडे जावे, की हे पैसे राखून आईच्या नावाची १ लाख ६० हजारांची मुदत ठेव मोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे. खर्चाचा अंदाज त्यांनी दीड लाख धरला आहे, कारण तिथला खर्च बहीण अर्धवेळ कामातून भागवणार आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की, २ लाख ४० हजारांचे पीककर्ज सरकारी कर्जमाफीच्या आशेने गेल्या मार्चपासून थकीत ठेवले आहे. बहिणीच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही आहे, पण ती बँक वेगळी असल्यामुळे अडचण नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ठेव मोडू नका आणि यंदा मे महिन्यात जाऊ नका. मात्र तुमची खरी अडचण शेवटच्या त्या दोन ओळींत आहे आणि ती तुम्हाला अडचण वाटत नाही, याची मला अधिक काळजी वाटते.

बँका वेगळ्या असल्या तरी तुमचे नाव आणि पॅन एकच आहे. थकीत पीककर्ज पतअहवालात (तुमच्या सगळ्या कर्जांच्या फेडीच्या नोंदीत) दिसते आणि शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता देण्यापूर्वी दुसरी बँक तो अहवाल पाहू शकते. बहिणीला निवास परवान्याची मुदत वाढवताना पुढील वर्षाच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागेल. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे जवळपास १२ लाख रुपये होतात आणि तुमच्याच पत्रानुसार ते कर्जाच्या दुसऱ्या हप्त्यातून यायचे आहेत. सहकर्जदाराचे खाते अनुत्पादक, म्हणजे दीर्घकाळ थकलेले, झाल्याचे कारण दाखवून बँकेने तो हप्ता रोखला, तर बहिणीचे शिक्षण अर्ध्यावर अडेल. तिला भेटायला जाण्याच्या ओढीत तिचे तिथले राहणेच धोक्यात येईल, हे कृपया लक्षात घ्या.

आता माफीचा हिशोब पाहू. राज्याच्या २०१७ च्या कर्जमाफी योजनेची मर्यादा दीड लाखाची होती. वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची होती. २०१९ च्या योजनेत मर्यादा २ लाखांची झाली, पण मुद्दल आणि व्याज मिळून त्याहून अधिक थकबाकी असलेली खाती बाहेरच राहिली. तुमची थकबाकी वर्षभराच्या व्याजासह २ लाख ६५ हजारांच्या घरात गेली असेल, म्हणजे त्या अटींत ती बसली नसती. याउलट नियमित फेड करणाऱ्यांना त्याच योजनेतून ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम मिळाली. पुढे कधी शासन निर्णय निघाला आणि त्यात तुमचे खाते बसत असेल, तर लाभ अवश्य घ्या. पण जो निर्णय तुमच्या हातात नाही, त्याच्या भरवशावर बहिणीचे वर्ष पणाला लावू नका.

शिवाय ही वाट पाहणे फुकट नाही. वेळेत भरलेल्या ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. तुम्ही ते थकवले, म्हणून वर्षाला सुमारे २५ हजारांचे व्याज चढले. नवे-जुने, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलणे, न झाल्यामुळे खरिपात बियाणे, खत आणि फवारणी कृषी केंद्रातून उधारीवर घेतल्याचे तुम्हीच लिहिले आहे: १ लाख २० हजार, महिना दोन टक्क्यांनी, आठ महिने. त्याचे व्याज १९ हजार. म्हणजे एका वर्षात सुमारे ४५ हजार रुपये माफीची वाट पाहण्यात गेले. नागपूर ते बर्लिन जाऊन-येऊन माणशी ७० हजार विमानभाडे धरले, तर एका तिकिटाच्या निम्म्याहून अधिक रक्कम तुम्ही आधीच घालवली आहे.

तेव्हा ३१ मार्चच्या आत सौद्याच्या ३ लाखांतून पीककर्ज पूर्ण भरा. बँकेने एकरकमी तडजोडीत (थोडी कमी रक्कम एकदम घेऊन खाते मिटवण्यात) सूट देऊ केली, तरी तुमच्या बाबतीत ती घेऊ नका, कारण तडजोडीचा शेरा पतअहवालात राहतो. नवे कर्ज मिळाले की ते शेतीलाच लावा.

शैक्षणिक कर्ज मंजूर करताना बँकेने गळ्यात मारलेल्या पॉलिसीविषयीही लिहिणे भाग आहे. वर्षाला ५० हजार हप्ता, १५ वर्षांची मुदत आणि विमा संरक्षण फक्त ५ लाख. 'ही घेतल्याशिवाय कर्ज होत नाही' असे तुम्हाला सांगितले गेले, ते साफ चुकीचे होते. २४ लाखांच्या कर्जापुढे ५ लाखांचा विमा काय कामाचा? कर्जदार बहीण आणि कमावते तुम्ही, या दोघांनाही साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) हवा होता आणि तो वर्षाला काही हजारांत मिळतो. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत टळून गेली आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पारंपरिक पॉलिसींना वर्षाचा हप्ता भरून पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर काही समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. आधी मुदत विमा घ्या, जुलैचा हप्ता भरू नका, समर्पण मूल्याचा आकडा लेखी मागा आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते.

प्रवासाचा खर्च दोघांचा अडीच लाखांच्या आसपास जाईल. तिकिटांचे १ लाख ४० हजार; व्हिसाचे प्रत्येकी ९० युरो आणि व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क; किमान ३० हजार युरोंचा सक्तीचा प्रवासी वैद्यकीय विमा; बाकी राहणे, जेवण आणि फिरणे. बहिणीच्या कमाईवर हा भार टाकू नका. विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येते आणि तिचे महिन्याचे ९९२ युरो खोलीभाडे, आरोग्य विमा व जेवणातच संपत असतील.

मे महिन्यात तिचे वर्गही सुरू असतील. उन्हाळी सत्राची व्याख्याने एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात, म्हणून पुढच्या वर्षी पीककर्ज वेळेत भरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जा. तोवर संत्र्याच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या पिकाचा) सौदा झालेला असेल. वाचलेला ५० हजारांचा हप्ता आणि उधारीच्या व्याजाचे १९ हजार आवर्ती ठेवीत घाला. उरलेले पावणेदोन-दोन लाख आंबियाच्या पैशांतून बाजूला काढा. व्हिसासाठी सातबारा, सौद्याच्या नोंदी आणि बँकेचे उतारे आतापासून नीट ठेवा, कारण परत येण्याचे कारण तुमच्या शेतीतूनच सिद्ध होणार आहे.

बर्लिन पाहायला फार पैसा लागत नाही. संसदेच्या काचेच्या घुमटावर आगाऊ नोंदणी करून विनामूल्य जाता येते. बर्लिनच्या जुन्या भिंतीच्या उरलेल्या १.३ किलोमीटर भागावरची चित्रे पाहायलाही तिकीट नाही. टेम्पलहोफच्या बंद पडलेल्या विमानतळाचे मोकळे मैदान तुम्हाला शेतकरी म्हणून आवडेल. आणि बहिणीच्या खिडकीतून काय दिसते, हे रोज व्हिडिओ कॉलवर विचारणाऱ्या तुमच्या आईला १०० क्रमांकाच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढे बसवा. प्राणिसंग्रहालयापासून अलेक्झांडरप्लात्झपर्यंत साध्या तिकिटात अर्धे शहर तिला बसून पाहता येईल.