क्लचची वायर तुटली, म्हणून बीटल बदलायची?

प्रश्न : आजोबांची १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल माझ्याकडे आहे, अजून सहा व्होल्टच्या बॅटरीवरच चालणारी. गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला. मी क्लच दाबला आणि पेडल खाडकन तळाला गेलं. वायर तुटली होती. ब्रेक लागला म्हणून निभावलं. आता गॅरेजवाला म्हणतो, वायरची कटकटच नको, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच बसवू. घरचेही त्याच्याच बाजूने. मला मात्र गाडी मुळात होती तशीच ठेवायची आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घरच्यांची भीती खरी आहे, औषध मात्र चुकतंय. हायड्रॉलिकमध्येही रबरी सील झिजून तेल गळतं, आणि त्यासाठी तुमच्या गाडीत नवी भोकं पाडावी लागतील ती वेगळीच. आधी मला सांगा, वायर तुटली कुठे?

पेडलच्या टोकाशी तुटली असेल तर पेडलच्या दांड्यावरचा हूक बघा. त्याला घासून धार आलेली असते, ती वायरची कडी कापते. एका बीटलला मी वर्षात तीन वायरी घातल्या आणि दर वेळी वायर बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. चौथ्या वेळी हुकावरून बोट फिरवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मागच्या टोकाशी तुटली असेल तर गिअरबॉक्सजवळची वाकडी बाउडन नळी, म्हणजे वायर ज्यातून जाते ती लवचीक नळी, तपासा. तिला मधोमध २५ ते ४५ मिलिमीटर झोळ हवा. कमी असेल तर नळीच्या टोकाशी वायसर घालून वाढवतात. पुष्कळ जण ती नळी सरळ ताणून बसवतात, मग क्लच सोडून निघताना गाडी थरथरते आणि दोष क्लचप्लेटवर जातो.

मधल्या बोगद्यात, म्हणजे गाडीच्या तळाला मधोमध असलेल्या उंचवट्याच्या आत, वायर घासली असेल तर दुखणं जरा मोठं. आतल्या लोखंडी नळीचं वेल्डिंग सुटलेलं असतं, पेडल दाबलं की नळीच हलते. त्यासाठी बोगद्याला छोटी खिडकी कापून नळी पुन्हा जोडावी लागते. इथे अस्सलपणाचा सोस सोडा. फोटो काढा, कापा, जोडा, कापलेला तुकडा परत वेल्ड करा. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांपुढच्या गाडीच्या चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नको असं आहे. मोडलेलं पूर्ववत करणं म्हणजे फेरफार नव्हे, असं मी तरी समजतो.

राहिली वायर. ती काही आजोबांची आठवण नाही, टायरसारखी झिजायचीच वस्तू आहे. तुटायची वाट न बघता बदला. ती सूचनाही देते : पेडल जड होतं, वायरीच्या मागच्या टोकाचा विंगनट (हाताने फिरवायचा पंखवाला नट) वरचेवर आवळावा लागतो. एकेक तार सुटत असते तेव्हा. पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ (क्लचवर जोर येण्याआधी पेडल सहज दबतं तेवढं अंतर) ठेवा, तो भराभर वाढायला लागला की नवी वायर घाला.

क्लचशिवाय गाडी हलवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच : इंजिन बंद, पहिला गिअर, चावी फिरवली की स्टार्टरच गाडी ओढतो. सपाट मोकळ्या मैदानात एकदा करून बघा, हात बसेल. घाटात मात्र नको, सहा व्होल्टचा स्टार्टर चढावर तेवढं ओझं ओढणार नाही. तिथे ब्रेक दाबायचा, इंजिन बंद पडू द्यायचं, हँडब्रेक ओढायचा आणि चाकांमागे दगड लावायचे. तुम्ही ब्रेक मारलात, तेच बरोबर होतं.

नवी वायर घ्यायला जाताना जुनीचे दोन्ही तुकडे बरोबर न्या, सालागणिक लांबी बदलली आहे. दोन घ्या. दुसरी ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढच्या डिकीत स्टेपनीपाशी ठेवा.